‘मरियम’वरचे तांडेलकाका

तांडेलकाका माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय बघायचे. सकाळी साडेआठच्या सुमाराला मस्कतच्या मरिनात पाहुणे यायला लागले की ते ‘मरियम’च्या पुढच्या टोकाला उकिडवे बसायचे. डोक्यावर मळकी पांढरी टोपी, हातात कसलीतरी दोरी आणि नजर समोरच्या तरंगत्या धक्क्यावर. पाण्याबरोबर धक्क्याच्या फळ्या हलत असायच्या आणि त्यांवरून कोण कसं चालत येतंय, तेवढंच ते बघत राहायचे. मग उठून एकेकाला जागा दाखवायचे. “यू हिअर. मॅडम, इधर. बच्चा लोक बीचमें.”

होडी लहान, वजन दोन्हीकडे सारखं हवं, म्हणून बसवत असतील असं मी बरेच दिवस समजत होते. एकदा एक जर्मन जोडपं आलं. दोघंही हसतमुख, फोटो काढणारी. काकांनी एकाला या टोकाला बसवलं आणि दुसरीला त्या.

मी हळूच म्हटलं, “काका, नवराबायको आहेत ते. त्यांना जवळ बसायचं असेल.”

“घोव-बायलेचा भांडाण झालाहा,” काका गाठ सोडवत म्हणाले. “सांजेक बसतले जवळ. आता नको.”

दुपारी होडी मरिनात परत शिरत होती आणि मी धक्क्यावर उभी होते, तेव्हा ती बाई आपणहून उठली आणि हलत्या होडीतून चाचपडत जाऊन नवऱ्याच्या खांद्याला टेकून बसली. मी काकांकडे बघितलं. ते धक्क्याकडे बघत होते.

मी त्या कंपनीत बुकिंग बघायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून आम्ही इकडे आलो, बौशरला घर घेतलं, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी ही नोकरी धरली. सालेम नावाच्या एका ओमानी माणसाची ती छोटी कंपनी. आम्ही सगळे त्याला अर्बाब म्हणायचो, म्हणजे मालक. त्याच्याकडे डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या इंजिनाच्या दोन बोटी होत्या आणि एक ‘मरियम’. ती लाकडी, एका डोलकाठीची, तिरक्या मोठ्या शिडाची. बारा पाहुणे घेऊन सकाळी निघायचं, जुन्या मस्कतचे दोन किल्ले समुद्रातून दाखवायचे, पुढे मत्राहचं बंदर, जेवण, आणि परत. त्या सहलीचं माहितीपत्रक मीच लिहिलं होतं. तेही होडीत पाय न ठेवता.

काकांचं नाव लक्ष्मण तांडेल. आडनाव तांडेल आणि कामही तांडेलाचंच, होडी हाकण्याचं. मूळचे देवगडकडचे. ओमानात तीसेक वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी मासेमारीच्या बोटींवर. राहायचे वादी अदाईला, कोकणातल्या आणखी चौघांबरोबर एका खोलीत. चण बारीक, पाय किंचित फेंगडे, आणि हात मात्र दुसऱ्याच एखाद्या थोराड माणसाचे काढून लावल्यासारखे. माझ्याशी मालवणी बोलायचे, अर्बाबशी हिंदी. इंग्रजीचे वीसेक शब्द होते त्यांच्याकडे, पण ते अशा ठामपणे वापरायचे की पाहुणे निमूट ऐकायचे.

त्यांच्या खिशात कायम आमसुलं असायची. कुणाचा चेहरा पांढरा पडायला लागला की काका एक काळपट आमसूल पुढे करत. “ईट.” परदेशी बायका त्या चिवट वस्तूकडे बघून तोंड वाकडं करायच्या. काका हात मागे घेत नसत. शेवटी बाई ते तोंडात टाकायची, डोळे मिटायची, आणि दहा मिनिटांनी आणखी एक मागायची.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं आणि ऑफिसचं कधी जमलं नाही. परत किती वाजता येणार, हे ते सांगत नसत. पाहुण्यांनी विचारलं तर हनुवटी वर करून शिडाकडे दाखवत. अर्बाबने विचारलं तर म्हणत, “इन्शाल्ला.” मी विचारलं तर म्हणत, “वाऱ्याक विचार.” माहितीपत्रकात मी ‘परत : दुपारी तीन’ असं छापलं होतं. त्यावर रोज कुणीतरी घड्याळ दाखवून भांडायचं. शेवटी मी ‘साधारण तीन’ असं केलं. काकांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसले.

त्या दिवशीच त्यांनी मला विचारलं, “तू कधी बसलंस काय गो मरियमवर?”

नाही म्हणताना मला कानकोंडं झालं.

“मगे लोकांका काय सांगतंस? न चाखताच वाढतंस?”

दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी मला नेलंच. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती मला लहानपणापासून. मरिनाच्या तोंडाशी येईपर्यंत इंजिन चालू होतं, तोवर मी ठीक होते. मग काकांनी जहांगीरला खूण केली. जहांगीर म्हणजे होडीवरचा दुसरा माणूस, चितगावचा, चाळिशीचा, अबोल. दोघांनी मिळून शीड वर खेचलं. ते वर जाताना एखाद्या मोठ्या पक्ष्याने पंख झाडावेत तसा आवाज झाला आणि काकांनी इंजिन बंद केलं.

ती शांतता मला अजून आठवते. इतका वेळ आपण आवाजात होतो हेच तोवर कळलं नव्हतं. होडी एका बाजूला कलली. मी कठड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

“तसा धरू नको,” काका मागून म्हणाले. “हात नुसतो ठेव. लाकडार.”

“पडेन मी.”

“पडूचं नाय. ठेव तर खरा.”

मी बोटं सैल केली आणि तळवा लाकडावर टेकवला. लाकूड थरथरत होतं. झोपलेल्या गाईच्या अंगावर हात ठेवावा तसं. खालून पाणी, वरून वारा, आणि मधे हे जिवंत काहीतरी जे दोघांनाही उत्तर देत होतं. भीती गेली नाही, पण तिच्या बाजूला आणखी काहीतरी येऊन बसलं. मी मान वर करून बघितलं तर किनारा सरकत होता. तपकिरी, करडे, धारदार डोंगर थेट पाण्यात उतरलेले, आणि त्यांच्या घळींत कुठे दहा-बारा पांढरी घरं.

मग जुनं मस्कत आलं. दोन खडक समोरासमोर, दोन्हींवर किल्ले, मीरानी आणि जलाली, आणि त्यांच्यामधे अर्धगोल पाणी. तळाशी राजवाडा. तिथे फार आत जायला परवानगी नाही, तोंडाशीच वळायचं. आजूबाजूच्या कड्यांवर पूर्वी तिथे येऊन गेलेल्या जहाजांची नावं खलाशांनी पांढऱ्या रंगात लिहून ठेवलेली आहेत. काही ठळक, काही उन्हाने पुसट.

काकांनी टोपी काढली. मला वाटलं, राजवाडा आहे म्हणून. नंतर विचारलं तर त्यांना नवल वाटलं.

“राजाक कित्याक? तो आपल्या घरात आसा. ही नावां बघ. महिना-महिना दर्यात काढून हंय इले, नांगर टाकलो आणि पयला काम काय केला? नाव लिवला. आमी पोचलो म्हणान.” मग म्हणाले, “जे पोचले नाय, तेंची नावां खंय?”

त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पण ती नावं त्यांना आकारांनी पाठ होती आणि एखादं अक्षर आणखी पुसट झालं की त्यांच्या लक्षात येई.

पुढे वळण्याची वेळ आली. तिरक्या शिडाची होडी वळवायची म्हणजे ते सगळं शीड, त्याला वर धरणारा लांबलचक वासा, ज्याला काका परबाण म्हणायचे, तो डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. वाऱ्यात, माणसं बसलेली असताना. काकांनी “यल्ला” म्हटलं. जहांगीर माकडासारखा पुढे धावला, दोऱ्या सुटल्या, शीड क्षणभर वेड्यासारखं फडफडलं, तो प्रचंड वासा आमच्या डोक्यांवरून गेला, आणि काका एका पायाने सुकाण रेटत, दोन्ही हातांनी दोरी ओढत, कुणाशीतरी गप्पा मारल्यासारखे पुटपुटत होते. मग एकदम सगळं ताणलं गेलं आणि होडी दुसऱ्या बाजूला कलून झपकन पुढे निघाली. दोन्ही किल्ले आमच्या मागे गेले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणाचा श्वासच खाली आला नव्हता.

त्यानंतर दर शुक्रवारी मी पाहुण्यांबरोबर जायला लागले. माहितीपत्रक पुन्हा लिहिलं. आधीच्यापेक्षा निम्मं केलं.

अशाच एका शुक्रवारची ही गोष्ट आहे. मी ती फारशी कुणाला सांगितलेली नाही.

एका गृहस्थांनी फोनवरून एक जागा मागितली होती. एकटा माणूस सहसा येत नाही. ते आले, चाळिशीतले, भारतीयच, इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. काउंटरवर एक लिफाफा ठेवून म्हणाले, “यह आप रख लीजिए. भीग जाएगा.” आत फोन होता आणि गाडीची किल्ली. वर एका बाईचं नाव आणि एक नंबर लिहिला होता. पाहुणे अशा वस्तू आमच्याकडे ठेवतात. मी लिफाफा ड्रॉवरमध्ये टाकला, कुलूप लावलं आणि त्यांच्या मागोमाग धक्क्यावर गेले.

काका नेहमीसारखे पुढे बसले होते. ते गृहस्थ फळ्यांवरून चालत आले. काका उठले. त्या दिवशी कुणाला कुठे बसवायचं हे त्यांचं आधीच ठरलं होतं, तरी त्यांनी सगळ्यांच्या जागा बदलल्या. त्या गृहस्थांना थेट मागे नेलं, सुकाणाशेजारी, स्वतःच्या उजव्या हाताशी. ती जागा कधी कुणाला देत नसत.

शीड चढलं तेव्हा काकांनी शिडाच्या खालच्या कोपऱ्याची दोरी, जिला दामण म्हणतात आणि जी जहांगीरशिवाय कुणाच्या हाती जात नसे, ती त्यांच्या हातात दिली.

“ये पकडो.”

“मैं? मुझे नहीं आता.”

“मेरेको आता है. तुम खाली पकडो. मैं बोलेगा तब तक छोडनेका नहीं.”

ते गृहस्थ गोंधळून दोरी धरून बसले. काका मधूनमधून सांगत, थोडा ढील, अब खींचो, बस. बाकी एक अक्षर नाही. कुठून आलात, काय करता, काही नाही. मी समोरून बघत होते आणि मला काकांचा थोडा रागच आला होता. बिचारा सुट्टीच्या दिवशी फिरायला आलाय आणि त्याला कामाला लावलंय.

जुन्या मस्कतच्या पुढे गेल्यावर वारा वाढला. कड्याच्या टोकाशी एक जोराचा झोत आला आणि दोरी त्या गृहस्थांच्या हातातून सुटली. शीड धडाधडा आपटायला लागलं, होडी एवढी कलली की खालच्या बाजूचा कठडा पाण्याला लागला. बायका किंचाळल्या. माझ्या पायातली चप्पल वाहून गेली. जहांगीर पुढून धावत येत होता, त्याला काकांनी हातानेच थांबवलं. ते स्वतःही दोरीला शिवले नाहीत. सुकाण पोटाशी आवळून, अगदी शांत आवाजात म्हणाले, “पकडो.”

ते गृहस्थ गुडघ्यांवर पडले, सरपटत गेले आणि फटकारे मारणारं ते टोक त्यांनी दोन्ही हातांनी पकडलं. पाय कठड्याला रोवून मागे रेलले. शीड ताणलं. होडी सरळ झाली.

“पकडा?” काकांनी विचारलं.

“पकडा.”

“अच्छा. अभी चौदा आदमी तुम्हारे हाथमें है.”

होडीत खरं तर पंधरा माणसं होती. मी पुन्हा मोजली. मग लक्षात आलं, काकांनी त्या गृहस्थांना मोजणीत धरलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी मी दोरी बांधून ठेवा म्हटलं. काकांनी ऐकलं नाही. “एक हाथसे खाओ,” म्हणाले, आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी त्यांच्या मोकळ्या हातात दिली. असे पाच तास. मरिनात शिरल्यावर शीड उतरलं आणि काकांनी सांगितलं, “खलास. अब छोडो.”

त्या गृहस्थांची बोटं उघडेचनात. काकांनी एकेक बोट आपल्या हाताने सोडवलं. तळवा सोलून लाल झाला होता. त्याकडे बघता बघता ते गृहस्थ रडायला लागले. आवाज नाही, फक्त खांदे हलत होते. पाहुणे उतरून गेले. काका त्यांच्या शेजारी बसून राहिले, पाण्याकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मेरेको वादी अदाई जाना है. छोडेगा?”

काकांना रोज कंपनीची गाडी सोडायची. त्या दिवशी ते त्या गृहस्थांच्या गाडीतून गेले. मी ड्रॉवरमधून लिफाफा काढून दिला तेव्हा त्या गृहस्थांनी त्याचा नाव आणि नंबर लिहिलेला तुकडा फाडून खिशात घातला. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

पुढच्या शुक्रवारी ते पुन्हा आले. काकांनीच बोलावलं होतं, माणूस कमी पडतोय म्हणून. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही आले. मग तिसऱ्या की चौथ्या महिन्यात बायकोला आणि दोन लहान मुलींना घेऊन आले. मुलींना कुठली दोरी कशाला लागते ते शिकवत होते. उतरताना त्यांच्या बायकोने काकांचे ते थोराड हात आपल्या हातांत धरले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. काका संकोचून टोपी शोधायला लागले. टोपी त्यांच्या डोक्यावरच होती.

तेव्हा कुठे मला कळलं. लिफाफा, एकट्याची जागा, वरचा नंबर, सगळं. मी काकांना गाठलं.

“तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं?”

“तेचे पाय परत येवचे नव्हते गो.”

“मग विचारलं का नाही त्यांना?”

“विचारल्यार माणूस म्हणता, काय नाय, बरा आसा. हातात दोरी दिली की खोटा बोलाक येणा नाय.” मग म्हणाले, “गाडयेत सांगल्यान तेणी मगे सगळा. तेच्या घरापर्यंत गेलंय मी. बायलेक सांगलंय, एकट्याक सोडू नको, भावाक बोलव, डॉक्टराक दाखव. माका दोरी कळता. बाकीचा डॉक्टराक कळता.”

त्या गृहस्थांनी काय सांगितलं होतं, ते मी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही.

आता अर्बाबविषयी. सालेम वाईट माणूस नव्हता. पण शिडाच्या सहलीला वेळ लागतो आणि वारा पडला की पाहुणे कंटाळतात, हे खरंच होतं. एका सकाळी तो आला आणि म्हणाला, मरियमची डोलकाठी काढून टाकू, वर पक्कं छत घालू, दुप्पट खुर्च्या, स्पीकर, म्युझिक. सुतार पुढच्या महिन्यात येईल.

मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, “इन्शाल्ला, अर्बाब.” आणि दोरीला पीळ घालत राहिले. मला वाटलं, आता हे नोकरी सोडून जाणार. तिसऱ्या दिवशी त्यांनी सालेमला विचारलं, “अर्बाब, आपका बाबा किधर है?”

सालेमचे वडील हमद एके काळी सूर बंदरातले नाखुदा, म्हणजे जहाजाचे कप्तान होते. शिडाच्या मोठ्या जहाजावरून मुंबईपर्यंत येऊन गेलेले. आता नव्वदीच्या घरात, रुस्ताकला मुलीकडे असायचे. समुद्रापासून दूर, डोंगरांमध्ये. गुडघे गेलेले, बोलणं जवळजवळ थांबलेलं. सालेम म्हणाला, ते कुणाला ओळखतात की नाही तेही सांगता येत नाही.

“एक दिन लाओ,” काका म्हणाले. “सुतार आनेके पहले.”

सालेमने आणलं. का आणलं, मला माहीत नाही. कदाचित मरियम हे त्याच्या आईचं नाव होतं म्हणून. म्हाताऱ्याला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून होडीत ठेवलं. पांढरा झगा, पांढरी दाढी, डोळे कुठेच नाहीत. त्या दिवशी पाहुणे घेतले नव्हते. सालेम, त्याचे वडील, काका, जहांगीर आणि मी.

शीड चढलं, इंजिन बंद झालं. म्हाताऱ्याने मान वळवली. हळूहळू वर बघितलं. मग काकांच्या हाताखालच्या लाकडाकडे बोट दाखवून खरखरीत आवाजात म्हणाला, “सुक्कान.”

“सुकाण,” काका म्हणाले.

म्हातारा थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. मग दोरीकडे बोट. “दामान.”

“दामण.”

वरच्या वाशाकडे. “फरमान.”

“परबाण.” काका हसायला लागले होते.

“दकल.”

“डोल! डोलकाठी!”

म्हाताऱ्याने मांडीवर थाप मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण होडीवरच्या जवळजवळ प्रत्येक वस्तूचं नाव दोघांकडे जवळपास सारखंच होतं, आणि ती नावं ते एकमेकांना जुळवून दाखवत होते. बंदर म्हणजे बंदर. नाखुदा म्हणजे नाखवा. म्हातारा एकेक शब्द आठवून काढायचा आणि काका झेलायचे. सालेम माझ्याजवळ येऊन कुजबुजला, “वर्षभरात एवढे शब्द बोलले नाहीत हे.”

जुन्या मस्कतच्या तोंडाशी आल्यावर काका बाजूला सरकले आणि त्यांनी म्हाताऱ्याची खुर्ची सुकाणापाशी ओढली. सालेम घाबरून पुढे झाला. काकांनी त्याला मानेनेच थांबवलं. म्हाताऱ्याने सुकाण काखेत घेतलं. डोळे किलकिले करून आधी शिडाकडे बघितलं, मग पाण्याकडे. दोन्ही किल्ल्यांच्या मधोमध होडी अशी सरळ गेली की जहांगीर दोरी हातात धरून नुसता उभा राहिला. आणि मग म्हातारा गायला लागला. नांगर ओढताना, शीड चढवताना सगळ्यांनी मिळून म्हणायचं काहीतरी असावं. एक ओळ म्हणून थांबायचा, जणू चाळीस माणसं पुढची ओळ म्हणणार आहेत. ती जागा रिकामी जायची. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा काकांनी आपल्याकडची “हो हैसा” अशी हाळी घातली. तिसऱ्यांदा जहांगीरनेही. चौथ्यांदा सालेमचा आवाज आला, भरून आलेला, अरबीत. कड्यांवरून तो आवाज आमच्याकडे परत येत होता. मी पुण्याची मुलगी, यातलं मला काही कळत नव्हतं, पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो बराच वेळ गेला नाही.

धक्क्याला लागल्यावर सालेमने वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. सुतार आला नाही. त्याविषयी पुन्हा कधी बोलणंच झालं नाही. म्हातारा त्यानंतर दर महिन्याला एकदा यायचा, गेला तोवर.

दोन वर्षांनी काकांनी गावी जायचं ठरवलं. वय झालं होतं, व्हिसा संपत आला होता, आणि काकी गावी एकट्या. सालेमने थांबवायचा फार प्रयत्न केला. निरोपाचं जेवण करू म्हटलं तर काका म्हणाले, “खाना खाएगा. भाषण नहीं.” जहांगीरला त्यांनी वर्षभर सुकाणावर तयार केलं होतं. माझा निरोप त्यांनी ऑफिसच्या दारात उभं राहूनच घेतला. “पोहूक शीक गो. आणि गावाक इलंस तर ये. माशे खातंस मा?” एवढंच.

त्यांची शेवटची फेरी शुक्रवारी होती. त्या फेरीत सालेमच्या घरची सगळी माणसं जाणार होती, म्हणून मी गेले नाही. सकाळी उठले, आणि घरात बसवेना. मत्राहच्या मागे डोंगरावर चढणारी एक जुनी पायवाट आहे, रियामच्या बागेजवळून सुरू होणारी. घरातली दुर्बीण गळ्यात अडकवून ती चढून वर गेले. वरून सगळं बंदर दिसतं.

धक्क्याला त्या दिवशी एक भलंमोठं प्रवासी जहाज लागलं होतं. दहा-बारा मजली, पांढरं. त्याच्या सज्ज्यांत माणसं कॉफीचे कप घेऊन उभी होती. आणि त्याच्याखालून, त्या पांढऱ्या भिंतीच्या पायथ्याशी, मरियम आली. वरून ती बोटाच्या पेराएवढी दिसत होती. जहाजाने वारा अडवलेला, शीड लुळं पडत होतं. आता इंजिन लावतील असं मला वाटलं. लावलं नाही. होडी जवळजवळ थांबली. मग जहाजाच्या टोकाच्या पलीकडून पाण्यावर एक काळी सुरकुती सरकत आली. ती पोचायच्या क्षणभर आधी शीड फिरलं, तो लांब वासा डोलकाठीपुढून गेला, आणि वारा आला तेव्हा शीड त्याच्यासाठी तयार होतं. मरियम कलली आणि जहाजाच्या टोकाला वळसा घालून मोकळ्या पाण्यात निघाली.

सज्ज्यांतली माणसं ओरडायला लागली, टाळ्या वाजवायला लागली. तो आवाज डोंगरावर माझ्यापर्यंत आला. मरियमवरच्या मुलांनी हात हलवले. दुर्बिणीत मागच्या टोकाला पांढरी टोपी दिसली. ती वर उचलली गेली नाही. सुकाण दोन मांड्यांत धरून तांडेलकाका एका लाल थर्मासातून पेल्यात चहा ओतत होते. पेला भरला, तो त्यांनी जहांगीरला दिला. दुसरा ओतला, तो स्वतः घेतला, आणि रियामच्या खडकाआड जाईपर्यंत पुढे बघत, सावकाश पीत राहिले.